अननुभव हा अपराध आहे काय?

आपल्या समाजात अपघाताची चौकशी मागाहून होते. निकाल मात्र आधीच लागलेला असतो. ह्या विधानाची साक्ष काढण्यासाठी फार दूर जावयास नको. २५ जुलै २०२२ रोजी, सोमवारी, सकाळी साडेअकराच्या सुमारास इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीच्या शिवारात एक लहानसे विमान कोसळले. बारामती येथील कार्व्हर एव्हिएशन ह्या वैमानिक-प्रशिक्षण संस्थेचे ते सेस्ना १५२ जातीचे, दोन माणसांचे विमान होते. त्या दिवशी त्यात एकच व्यक्ती होती : २२ वर्षांची एक विद्यार्थिनी. ती लांब पल्ल्याच्या अभ्यास-उड्डाणावर एकटी निघाली होती. बारामतीची धावपट्टी अद्याप सुमारे १५ सागरी मैल, म्हणजे पंचवीस-अठ्ठावीस किलोमीटर दूर असता विमान शेतात आले व मोडले. मुलीस किरकोळ दुखापत झाली. गावकरी धावले, त्यांनी तिला मदत केली आणि तिला रुग्णालयात पोहोचविण्यात आले.

हकीकत एवढीच. परंतु अशा हकीकतीचे तात्पर्य काढण्यास आपल्याकडे फार वेळ लागत नाही. गावच्या पारावर, आगगाडीच्या डब्यात, शहरातील सुशिक्षितांच्या दिवाणखान्यात आणि आता हातोहाती असलेल्या फोनवर ते तात्काळ तयार होते : ‘शिकाऊ होती, अनुभव नव्हता, म्हणून विमान पडले.’ असे म्हटले की बोलणाऱ्याचे समाधान होते, ऐकणारा मान डोलावतो आणि विषय संपतो. आमचा आक्षेप ह्या समाधानावर आहे. ज्या बारामतीत कऱ्हेच्या काठी बसून मोरोपंतांनी आर्येची मात्रा न् मात्रा तोलली, त्याच परिसरातील एका घटनेविषयी बोलताना आपण ‘अननुभवी’ हा एक शब्द न तोलता वापरावा आणि त्या एका शब्दाखाली दहा प्रश्न गाडून टाकावेत, ही गोष्ट आम्हांस उपेक्षणीय वाटत नाही. म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही ह्या एका शब्दाशी भांडण मांडणार आहो.

प्रथम तर्काची बाजू पाहू. शिकणारा अननुभवी असतो, हे सांगणे म्हणजे पाणी ओले असते असे सांगण्यासारखे आहे. ते खरे आहे. पण त्याने ज्ञानात काडीची भर पडत नाही. एखादी गोष्ट दुसरीचे कारण आहे असे म्हणावयाचे, तर पहिली असताना दुसरी बहुधा घडते, एवढे तरी दाखविता आले पाहिजे. बारामतीच्या आकाशात वर्षानुवर्षे अननुभवी मुलेमुली उडत आली आहेत. ती सकाळी जातात, दुपारी परत येतात, डबा उघडून जेवतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उडतात. ती सर्व अननुभवीच असतात. अननुभव हेच जर विमान पडण्याचे पुरेसे कारण असते, तर बारामती-इंदापूरच्या शेतकऱ्यास उसाच्या फडात रोज एक विमान सापडले असते. ज्या अर्थी तसे होत नाही, त्या अर्थी ज्या दिवशी एखादे विमान खाली येते, त्या दिवशी अननुभवाखेरीज आणखी काही तरी निराळे घडलेले असले पाहिजे. ते ‘निराळे’ कोणते, हाच चौकशीचा विषय. आणि ‘अननुभवी’ हा शब्द नेमक्या त्याच दारास कुलूप लावतो.

आता कायद्याची बाजू. आपल्या देशात व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळविण्यासाठी निदान २०० तासांचे उड्डाण पदरी असावे लागते. त्यांपैकी १०० तास उमेदवाराने विमानाचा प्रमुख ह्या नात्याने उडविलेले असावे लागतात. त्यांतील २० तास एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाण्याच्या लांब उड्डाणांचे. आणि एक प्रवास तर निदान ३०० सागरी मैलांचा, म्हणजे साडेपाचशे किलोमीटरांहून अधिक अंतराचा, वाटेत दोन निराळ्या विमानतळांवर उतरून पुरा करावा लागतो. म्हणजे एकट्याने दूर जाणे हे ह्या विद्यार्थ्यांचे धाडस नव्हे, हौस नव्हे, बेपर्वाई तर नव्हेच. तो त्यांचा अभ्यासक्रम आहे. कायद्याने ज्याला ‘जा’ म्हणून सांगितले, त्याने ‘गेलास कशाला?’ हा प्रश्न ऐकून घ्यावा हा कोणता न्याय? पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही, हे आपण मुलांस उठताबसता ऐकवितो. आणि एखादे मूल गटांगळी खाऊ लागले की त्यास पोहता येत नव्हते म्हणून त्यालाच रागे भरतो.

ह्यावर कोणी म्हणेल की, अभ्यासक्रम असला तरी ज्याची तयारी झाली नाही त्याने जाऊ नये. अगदी बरोबर! पण तयारी झाली की नाही हे ठरवितो कोण? विद्यार्थी ठरवीत नाही. प्रशिक्षकाने पारखून परवानगी दिल्यावाचून आणि त्याच्या देखरेखीवाचून शिकाऊ वैमानिकास एकट्याने उडता येत नाही. ज्या विमानात तो बसणार ते उडण्यास योग्य आहे, असे अभियंत्याने सही करून सांगितलेले असावे लागते. मार्ग आखलेला असतो, हवामान पाहिलेले असते, इंधनाचा हिशेब मांडलेला असतो आणि ह्या सर्वांवर संस्थेचे व्यवस्थापन असते. त्या व्यवस्थापनावर नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, ह्या सरकारी नियामकाची नजर असते किंवा असावयास हवी. तात्पर्य, एकटा उडणारा विद्यार्थी वस्तुतः कधीच एकटा नसतो. त्याच्या प्रत्येक उड्डाणामागे पाचसहा हात असतात. त्यांपैकी आपणांस एकच हात दिसतो, कारण तेवढाच विमानाबरोबर खाली येतो. बाकीचे हात कागदांच्या फायलींत सुरक्षित राहतात. दिसतो तो दोषी आणि दिसत नाही तो निर्दोष, असा हा आपला न्याय आहे. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याची म्हण ज्याने केली, तो मनुष्य अपघातांच्या बातम्या वाचीत नव्हता. पण समाज त्यास चांगला ठाऊक होता.

विमानाविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण चर्चेत मुलीच्या वयाचा उल्लेख होतो, विमानाच्या वयाचा होत नाही. सेस्ना १५२ ह्या विमानाची निर्मिती १९७७ साली सुरू झाली आणि १९८० च्या दशकाच्या मध्यास ती बंद पडली. तेव्हा २०२२ साली ह्या जातीचे जे कोणतेही विमान जगात कोठेही उडत होते, ते निदान ३५ वर्षांचे होतेच. कडबनवाडीच्या शेतात आलेले विमान त्यात बसलेल्या मुलीहून निदान बारा-तेरा वर्षांनी वडील होते! आमच्या म्हणण्याचा विपर्यास होऊ नये म्हणून लगेच सांगतो की, विमान जुने म्हणजे वाईट असे मुळीच नाही. हे सेस्ना मोठे गरीब स्वभावाचे, चुका पोटात घालणारे विमान म्हणून नावाजलेले आहे. त्याचे इंजिन सुमारे ११० अश्वशक्तीचे; ते ठराविक तास चालले की उघडून पुन्हा उभारावे लागते; आणि निगा नीट राखली तर असे विमान अनेक पिढ्यांस शिकवू शकते. इंजिनाने साथ सोडली तरीही ते दगडासारखे पडत नाही. हजार मीटर उंचीवरून आठनऊ किलोमीटर तरंगत जाऊ शकते. पण ‘निगा नीट राखली तर’ ह्या चार शब्दांत सर्व मर्म आहे. विद्यार्थिनीचा अनुभव किती तासांचा, हे विचारण्याचा ज्यास अधिकार आहे, त्यास विमानाचे तास किती, ते शेवटी केव्हा तपासले आणि कोणी तपासले, हेही विचारण्याचा अधिकार आहे. इतकेच नव्हे, तो प्रश्न आधी विचारणे हे त्याचे कर्तव्य आहे.

‘अननुभवी’ ह्या शब्दाच्या पोटात आणखी एक भ्रम दडलेला असतो. तो असा की, अनुभव आला म्हणजे भय संपले. विमानविद्येच्या इतिहासातील सर्वांत भीषण अपघात कोणाच्या हातून घडला, हे ह्या भ्रमात असणाऱ्यांनी अवश्य पाहावे. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरीफ बेटावरील विमानतळावर दाट धुक्यात दोन प्रचंड बोइंग ७४७ विमाने एकाच धावपट्टीवर आदळली आणि ५८३ माणसे मृत्यू पावली. ज्या डच विमानाने परवानगीवाचून धाव घेतली, त्याचा कप्तान कोणी नवशिका नव्हता. तो त्या कंपनीच्या अत्यंत अनुभवी वैमानिकांपैकी एक होता, आणि इतरांस शिकविणे व तपासणे हेच त्याचे मुख्य काम होते. त्याच्या सहकाऱ्याच्या मनात शंका आली होती, त्याने ती बोलूनही दाखविली. परंतु अनुभवापुढे ती टिकली नाही. म्हणजे येथे अननुभव घातक ठरला नाही. अनुभवाविषयीचा अतिविश्वास घातक ठरला.

त्या घटनेनंतर वैमानिकांच्या जगाने काय केले, हे साहित्याच्या अभ्यासकांस विशेष मनोरंजक वाटेल. त्या जगाने आपली भाषा सुधारली. वैमानिक व मनोऱ्यावरील नियंत्रक ह्यांच्या संभाषणातील संदिग्ध शब्द काढून टाकण्यात आले. ‘टेकऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती मागे घेतानाच उच्चारावा, एरवी त्याच्या जागी निराळा शब्द योजावा, असा दंडक पडला. धाकट्याने थोरल्यास निर्भयपणे टोकावे आणि थोरल्याने ते मुकाट्याने ऐकून घ्यावे, ह्याचे पद्धतशीर शिक्षण सुरू झाले. मृत कप्तानास शिव्या देऊन ते लोक घरी गेले असते, तर पुढच्या धुक्यात पुन्हा तोच संवाद आणि पुन्हा तीच राख! त्यांनी दोषाऐवजी कारण शोधले, म्हणून त्यांस एका शब्दाचे मोल कळले. आणि आम्ही शब्दांचे उपासक म्हणविणारे लोक एका शब्दावर सारी चौकशी ओवाळून टाकतो.

‘अननुभवी’च्या मागोमाग दुसरा शब्द दबक्या पावलांनी येतो, तो ‘मुलगी’. सभ्य लोक तो उघड उच्चारीत नाहीत. ‘मुलींना हा नसता उद्योग कशाला?’ एवढेच हळूच पुटपुटतात. ह्या पुटपुटीस आम्ही मोठ्याने उत्तर देऊ इच्छितो. १९८५ च्या नोव्हेंबरात सिलचरहून कलकत्त्यास जाणारे इंडियन एअरलाइन्सचे विमान संपूर्णपणे स्त्रियांच्या हाती होते. त्या विमानाच्या कप्तान सौदामिनी देशमुख ह्या होत्या. त्या गोष्टीस चार दशके होऊन गेली. २०२२ साली सरकारने लोकसभेत सांगितल्याप्रमाणे जगात वैमानिकांपैकी सुमारे ५ टक्के स्त्रिया आहेत, तर भारतात हे प्रमाण सुमारे १५ टक्के आहे. ज्या थोड्या बाबतींत आपला देश खरोखर जगाच्या पुढे आहे, त्यांत ही एक आहे. आणि तीत काय चालले आहे ह्याचा पत्ता आपल्या दिवाणखान्यास नसावा, ही खेदाची गोष्ट होय. मुलगा पडला तर ‘विमान पडले’ आणि मुलगी पडली तर ‘मुलीने पाडले’, हे व्याकरण आता टाकून द्यावे. कडबनवाडीच्या शेतातून ती मुलगी किरकोळ दुखापतीवर जिवंत बाहेर आली, आणि खाली वस्ती असूनही दुसऱ्या कोणाचा प्राण गेला नाही. ह्या दोन गोष्टी तात्पर्य काढणारांच्या हिशेबात कोठेच कशा येत नाहीत, ह्याचे आम्हांस नवल वाटते.

विशेष हे की, साहसाची बखर लिहिताना आपण ह्याच्या अगदी उलट वागतो. इंग्लंड व हिंदुस्थान ह्यांमधील अंतर एकट्याने उडून जाणाऱ्या पहिल्या हिंदी मनुष्यास आगाखानांनी पारितोषिक ठेवले होते. १९३० साली ते अस्पी इंजिनियर नावाच्या १७ वर्षांच्या मुलाने पटकाविले. सतरा वर्षांचा मुलगा, एक इंजिन, आणि खाली समुद्र व वाळवंट! अननुभवी म्हणावे तर ह्याहून अननुभवी कोण? पण त्याच्या प्रतिस्पर्ध्याने त्यास कसे वागविले ते पाहा. त्याच स्पर्धेत उलट दिशेने निघालेले जे. आर. डी. टाटा ह्यांस हा मुलगा इजिप्तमध्ये अबूकीरच्या तळावर स्पार्क प्लगच्या अडचणीमुळे अडकलेला आढळला. टाटांनी आपल्याजवळचे प्लग त्यास दिले. मुलगा पुढे निघाला आणि थोडक्या वेळाच्या अंतराने पारितोषिक जिंकून गेला. हाच मुलगा पुढे भारतीय वायुदलाचा प्रमुख झाला. उडणाऱ्यांच्या जगाची रीत ही अशी आहे : नवख्याचे यंत्र अडले तर आधी त्याच्या हाती सुटा भाग द्यावा. आपली रीत अशी की आधी त्याच्या हाती दोषपत्र द्यावे.

आणि आपला अभिमान कोठे खर्च होतो? तर १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर शिवकर बापूजी तळपदे ह्यांनी विमान उडविले, ह्या कथेवर. तळपदे ह्यांच्या जिज्ञासेविषयी आम्हांस आदर आहे. परंतु त्या उड्डाणास समकालीन असा भक्कम पुरावा नाही. आणि ज्या ‘वैमानिक शास्त्र’ नामक ग्रंथाचा हवाला नेहमी देण्यात येतो, त्यातील विमाने उडणे शक्य नाही, असे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी १९७४ साली साधार दाखविले आहे. जे विमान उडाल्याचा पुरावा नाही त्याविषयी आपण तासन् तास बोलावे, आणि जे विमान आपल्याच जिल्ह्यातील शेतात भर दिवसा पडले त्याविषयी एका शब्दात आटपावे, ह्यास विज्ञानावरील प्रेम म्हणत नाहीत.

कडबनवाडीच्या घटनेस पंधरा महिने होतात न होतात तोच बारामतीकरांनी पुन्हा तोच अनुभव घेतला. १९ ऑक्टोबर २०२३ रोजी बारामती तालुक्यातील कटफळजवळ रेडबर्ड ह्या प्रशिक्षण संस्थेचे विमान कोसळले. आणि २२ ऑक्टोबर रोजी, चारच दिवसांच्या अवधीत, गोजुबावीजवळ त्याच संस्थेचे दुसरे. ह्या खेपेस नियामकाने काय केले? महासंचालनालयाने त्या संस्थेची देशभरातील सर्व तळांवरील प्रशिक्षण-उड्डाणे थांबविली आणि तपासणी हाती घेतली. अपघात बारामतीत झाले होते. उड्डाणे मात्र दूरदूरच्या तळांवरचीही थांबली. हे पाऊल आमच्या म्हणण्याची सरकारी कबुलीच होय. दोष जर विद्यार्थ्याच्या कच्च्या हाताचा असता, तर शेकडो कोस दूर असलेल्या दुसऱ्या तळावरील दुसऱ्या विद्यार्थ्यास जमिनीवर बसविण्याचे प्रयोजन काय होते? नियामकास कळून चुकले होते की, प्रश्न व्यक्तीचा नसून व्यवस्थेचा आहे. पुढे २०२५ च्या ऑक्टोबरपासून महासंचालनालयाने देशातील प्रशिक्षण संस्थांची प्रतवारी प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. पहिल्याच यादीत ‘ए’ दर्जाच्या कोणत्याही श्रेणीत एकही संस्था बसली नाही. ३५ संस्थांपैकी १३ ‘बी’त आणि २२ ‘सी’त गेल्या. आम्ही प्राध्यापक लोक परीक्षक आहो. ज्या वर्गात एकही विद्यार्थी प्रथम श्रेणीत येत नाही, त्या वर्गाच्या निकालाचा विचार करताना विद्यार्थ्यांकडेच बोट दाखविण्याचे धाडस आम्हांसही होत नाही.

येथे दोन आक्षेप येतील, आणि ते रास्त असल्यामुळे त्यांस उत्तर दिले पाहिजे. पहिला असा : ‘मग काय, कोणासच दोष द्यावयाचा नाही? विद्यार्थ्याच्या हातून चूक होतच नाही काय?’ होते, अवश्य होते. चुका करण्यासाठीच तर शाळा असते. परंतु चूक सापडणे हा चौकशीचा शेवट नव्हे, तेथे तिचा आरंभ होतो. ती चूक होईल हे कोणास दिसावयास हवे होते? ती दुरुस्त करण्याचा सराव कितीदा दिला होता? त्या उड्डाणाची घाई कोणास होती? आंतरराष्ट्रीय विमान-वाहतुकीचा जो करार १९४४ साली शिकागो येथे झाला, त्याच्या तेराव्या परिशिष्टात अपघात-तपासाचे एकमेव उद्दिष्ट पुन्हा अपघात होऊ न देणे हे सांगितले आहे. दोष वा दायित्व वाटून देणे हे त्याचे काम नव्हे, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. हा दयाळूपणा नव्हे. हा व्यवहार आहे. ज्यास शिक्षेची भीती आहे तो लपवितो, आणि जे लपविले जाते ते दुसऱ्या विमानात पुन्हा घडते. बुद्धिपुरस्सर केलेल्या बेफिकिरीस न्यायालये आहेतच. त्यांचा मार्ग कोणी अडविलेला नाही.

दुसरा आक्षेप कडबनवाडीच्या शेतकऱ्याचा आहे आणि तो आम्हांस अधिक वजनदार वाटतो. तो म्हणेल, ‘तुमची मुले शिकोत, पण आमच्या डोक्यावर कशाला?’ कडबनवाडीची गवताळ माळराने चिंकारांसाठी प्रसिद्ध आहेत. त्या माळांच्या कडेने वस्त्या आहेत, शेते आहेत, शाळेत जाणारी मुले आहेत. त्यांनी कोणत्याही प्रवेशपत्रावर सही केलेली नाही आणि कोणतेही शुल्क भरलेले नाही. तरी धोक्यात त्यांचा वाटा आहे. संकट आले तेव्हा प्रथम धावले तेही हेच लोक. तेव्हा विमाने कोणत्या वाटेने जातात, मोकळे माळ कोठे आहेत, अपघात झाल्यास गावाने काय करावे व काय करू नये, हे त्यांस सांगण्याची जबाबदारी संस्थांची आहे. विमान पडले तर त्याजवळ विडी ओढू नये, त्याच्या भागांस हात लावू नये, एवढे तरी ग्रामसभेत एकदा येऊन कोणी सांगावे की नाही? पण लक्षात घ्या, हा आक्षेपही व्यवस्थेकडेच बोट दाखवितो. मुलीस ‘अननुभवी’ म्हटल्याने शेतकऱ्याच्या डोक्यावरचे आकाश तसूभरही निर्धोक होत नाही.

आता थोडे आमच्याच वर्गाविषयी, म्हणजे ज्या सुशिक्षित मध्यम वर्गाच्या घरी हे मासिक जाते त्याविषयी. वैमानिक होणे ही एके काळी संस्थानिकांची व धनिकांची मिरासदारी होती; आता ती आपल्या घरांत आली आहे आणि ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु कशी आली? चाळीस-पन्नास लाख रुपये, पुष्कळदा त्याहूनही अधिक. घर गहाण, भविष्यनिर्वाह निधीला हात, बँकेचे कर्ज. इतके करून आपण संस्थेस विचारतो काय, तर ‘किती महिन्यांत होईल?’ आणि ‘नोकरी लागेल ना?’ उड्डाणाचे तास हा दाणाबाजारातील माल असून दोनशे पायल्या लवकरात लवकर मापून घ्यावयाच्या आहेत, अशी आपली वृत्ती असते. ग्राहक घाई करतो म्हणून दुकानदार घाई करतो. दुकानदार घाई करतो म्हणून प्रशिक्षक थकतो आणि यंत्र विसाव्यावाचून चालते. मुलीच्या लग्नाच्या वेळी स्थळाच्या सात पिढ्यांची चौकशी करणारे आपण, ज्या यंत्रात ती एकटी बसून आकाशात जाणार त्याची एका पिढीचीही चौकशी करीत नाही! आणि विमान पडले की ‘अनुभव नव्हता’ असे म्हणून मोकळे होतो. तो शब्द आपल्या सोयीचा आहे, कारण त्यात आपलेही नाव येत नाही.

म्हणून आमची मागणी तीन प्रकारची आहे. पहिली सरकारकडे. विमान-अपघातांच्या तपासासाठी २०१२ पासून आपल्याकडे स्वतंत्र विभाग आहे. त्याचे अहवाल प्रसिद्ध होतात, पण इंग्रजीत, तज्ज्ञांच्या परिभाषेत. वर सांगितलेल्या तेराव्या परिशिष्टाप्रमाणे अंतिम अहवाल शक्यतो १२ महिन्यांत प्रसिद्ध व्हावा, न झाल्यास प्रत्येक वर्षदिनी तपास कोठवर आला ते सांगावे, अशी अपेक्षा आहे. ती कसोशीने पाळावी. आणि महाराष्ट्रात झालेल्या प्रत्येक अपघाताच्या अहवालाचा सारांश शुद्ध व सोप्या मराठीत, ज्या गावात विमान पडले त्या गावच्या ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावा. ज्यांच्या शेतात प्रश्न पडला त्यांच्या भाषेत उत्तर मिळू नये, हे लोकराज्यास शोभत नाही.

दुसरी मागणी वृत्तपत्रांकडे. शिकाऊ वैमानिकाचे नाव, गाव व छायाचित्र पहिल्या दिवशी छापून दुसऱ्या दिवशी विसरून जाण्याऐवजी त्यांनी नाव गाळावे आणि प्रकरण धरून ठेवावे. अहवाल येईल त्या दिवशी, तो दोन वर्षांनी आला तरी, त्यास पहिल्या दिवसाइतकीच जागा द्यावी.

तिसरी मागणी पालकांकडे, आणि ती सर्वांत सोपी आहे. शुल्काचा पहिला हप्ता भरण्यापूर्वी संस्थेच्या कार्यालयात बसून चार प्रश्न विचारावेत : तुमच्याकडे विमाने किती व त्यांची वये काय? त्यांची निगा कोण राखतो? एका प्रशिक्षकामागे विद्यार्थी किती? आणि गेल्या पाच वर्षांत तुमच्याकडे कोणते अपघात झाले व त्यांनंतर तुम्ही काय बदलले? चौथ्या प्रश्नावर जी संस्था रागावेल तीतून उठून यावे. जी संस्था कपाट उघडून कागद पुढे ठेवील तीत मुलीस निःशंकपणे घालावे. ती अननुभवी असेल. तिला अनुभव यावा म्हणूनच आपण तिला तेथे नेलेले असते. आणि तो येईपर्यंत तिला सांभाळणे हे ज्यांचे काम आहे, त्यांस ते काम करावयास लावणे हे आपले काम आहे.